नमस्कार करणारं पिल्लू

दुर्मिळ जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली ‘कोंबडेसाहेब’ म्हणायची, आणि तो ते कौतुकच समजायचा. घरात शिरताना पाहुणे नाकाला रुमाल लावत. साहेबाला मात्र वास म्हणून कधी आलाच नाही.

त्याच्याकडे एक पिल्लू निघालं. रंग जांभळट चांदीचा. खोटं कशाला सांगू, शेजारणीचं मांजर त्याला पाहून शिकार विसरलं आणि मत्सरानं आपलंच अंग चाटत बसलं. डोळे मात्र दुधाळ, कडांना पिवळा चिकट पू, पुवावर माशी. कुणी आलं की साहेब रुमालाला थुंकी लावून ते डोळे पुसायचा आणि त्याच रुमालानं आपलं कपाळही.

“दाणा टिपण्याआधी नमस्कार करतं बघा. खानदानी आहे,” असं तो सांगे. पिल्लू मान खालीवर करी आणि लोक मोबाइल काढत.

घरातली म्हातारी आत्या एकदा वैतागली. “नमस्कार कसला रे? दाणा सापडत नाही त्याला. मोतीबिंदू काढण्याआधी मीही ताटाबाहेर घास चाचपायचे. तेव्हा कुणी फोटो नाही काढले.”

“आत्या, तुला यातलं कळत नाही. रक्त शुद्ध राखलंय मी.”

“बापाला लेक दिलीस, भावाला बहीण. ह्याला शुद्ध म्हणतोस? आता ह्यालाही बहीणच देणार असशील.”

“त्याशिवाय रंग कसा टिकेल?”

“आंधळेपणही टिकेल, बाबा.”

तेवढ्यात अत्तर लावलेलं एक गिऱ्हाईक आलं. साहेबानं दाणे टाकले. पिल्लानं मान लववली, दाणा चुकला, चोच शेजारच्या ओल्या विष्ठेत गेली. पिल्लानं तीच गिळली आणि पुन्हा मान लववली.

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. “काय गोड आहे हो! अशीच जोडी द्या आम्हाला. दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभेल.”

सवयीनं साहेबही हसला. ते हसू त्याच्याच कानावर पडलं. त्यानं अंगठ्यानं पिल्लाची चोच पुसली. आयुष्यभर विष्ठा उपसली, तेव्हा कधी मळमळलं नव्हतं. आज मळमळलं ते स्वतःच्या हसण्यानं.

“हे विकायचं नाही,” तो म्हणाला. “आणि असं दुसरं मी निपजू देणार नाही.”

गिऱ्हाईक फणकारत गेलं. पिल्लाची नजर काही आली नाही, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तसं साफ सांगितलं. साहेब आता दाणा त्याच्या चोचीशी धरतो. खुराड्यात त्यानं बाहेरचा, बिनजातीचा काळा कोंबडा आणून सोडला. गल्ली म्हणाली, साहेबाचं खानदान बुडालं. नवी पिल्लं मळकट तपकिरी निघाली. त्यांचा फोटो कुणी काढत नाही, पण दाणे पडले की एकही वाया जात नाही.

मंडळी, दुर्मिळ म्हणून एखाद्या जिवाला ‘वा’ म्हणण्याआधी त्याला दिसतं का, चालता येतं का, श्वास घेता येतो का, ते विचारा. आपल्या हौशीसाठी पांगळे जीव जन्माला घालणं ही रसिकता नव्हे, ती घाण आहे, आणि ती करणाऱ्याइतकीच टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही हाताला लागते.