मिस्त्रींच्या पोटावरची खूण

“आणि ती पिशवी भरली, की वाजते का हो?”

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींनी हा प्रश्न टाकला आणि टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

मिस्त्रींचं मोठं आतडं गेली कित्येक वर्षं सुजत होतं. रक्त पडायचं, कळा यायच्या, अंगावरचे कपडे ढगळ होत चालले होते. पूर्वी हॉस्पिटलात पोटाचे डॉक्टर एका दिवशी भेटायचे, सर्जन दुसऱ्या, आहाराच्या बाई तिसऱ्याच. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगता सांगता मिस्त्रींचा पार टपालवाला झाला होता. आता मात्र सगळे एकाच खोलीत बसायचे, पिशवीची माहिती देणाऱ्या सिस्टर आणि मनाच्या डॉक्टरीणबाईसुद्धा. मिस्त्रींना ही पद्धत भलतीच आवडली होती. विचारायला एवढी माणसं आयती कुठे मिळणार!

औषधं थकली होती. आतडं काढायचं आणि मळ साठवायला पोटावर पिशवी लावायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. सर्जननी सकाळी मिस्त्रींना आडवं करून पोटावर पिशवीच्या जागी फुलीही मारली होती. अडलं होतं ते फक्त मिस्त्रींच्या होकारापाशी.

“पिशवी लावून पोहता येतं? पालथं झोपलं तर?”

“अहो, नुसते प्रश्न काय विचारताय? हो म्हणून टाका ना!” बायको कळवळून म्हणाली.

मनाच्या डॉक्टरीणबाई हसल्या. “मिस्त्री, जे विचारायचंय ते सोडून बाकी सगळं विचारताय तुम्ही.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग एकदम म्हणाले, “मला फरशी बसवता येईल का? तेवढं सांगा. नाहीतर बरा होऊन काय करू, घरी माशा मारू?”

“येईल की,” सर्जन म्हणाले.

“साहेब, आम्ही काम करताना कसं बसतो, ठाऊक आहे का तुम्हाला?”

सर्जननी नकारार्थी मान हलवली. सिस्टर मात्र उठल्या. “बसून दाखवा बरं. अगदी कामावर बसता तसं.”

मिस्त्रींनी सदरा वर खोचला आणि जमिनीवर उकिडवे बसले. एक गुडघा छातीशी आणला, उजवा हात लांब केला. फुली गडप! पोटाच्या घडीने ती गिळूनच टाकली.

“अरेच्चा! गेली कुठे?” म्हणत सर्जन खाली बसले. त्यांचे गुडघे कडाडले. मग पोटाचे डॉक्टर आले, आहाराच्या बाई आल्या, आणि बघता बघता सगळी मोठी माणसं मिस्त्रींच्या पोटाभोवती उकिडवी बसली. मिस्त्रींना हसू आवरेना.

“हसू नका, पोट हलतंय,” सिस्टरांनी दटावलं. वाका, वळा, मागे रेला, असं करत त्यांनी घडीच्या वर, बेंबीच्या उजवीकडे, पिशवी नीट चिकटून राहील अशी जागा शोधली आणि शाईचा टपोरा ठिपका दिला. “आता हा तुम्हालाही दिसतोय ना? पिशवी तुमची तुम्हालाच बदलायची आहे.”

“दिसतोय,” मिस्त्री म्हणाले. “आणि पोती? सिमेंटचं पोतं मी एकटाच माडीवर नेतो.”

सर्जननी पोटाच्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग म्हणाले, “फरशी बसवा खुशाल. पण पोत्याचं नाव काढू नका. कधीच.”

मिस्त्रींनी खोचलेला सदरा खाली ओढला. पोतं खांद्यावर घेऊन जिना चढताना बाकीचे गडी बाजूला व्हायचे, ते त्यांना फार आवडायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“करा मग,” ते म्हणाले.

बाहेर लिफ्टपाशी गर्दी होती. दुखण्यापायी मिस्त्रींनी बायकोला बरेच महिने पोटाला हात लावू दिला नव्हता. आता त्यांनीच तिचं बोट धरलं आणि सदऱ्यावरून ठिपक्यावर नेऊन टेकवलं.

“इथे.”

“दुखतंय का हो?”

“नाही गं. अजून तिथे काहीच नाही.”

लिफ्ट आली, भरून निघून गेली. बायकोने बोट काढलं नाही.