लिअँडरच्या नावावरचा ओरखडा

मी दोन हातांची दोरी बोलतेय! जरा घाईतच बोलतेय, कारण ॲम्ब्रोसमामा कात्री आणायला गेलाय आणि ती कात्री माझ्यासाठीच आहे. पण कीव करू नका. मी इतकी हरखून गेलेय की कुठून सुरू करू तेच सुचत नाही. काल सकाळी माझं पोट फाटलं, आणि आमच्या जातीत याहून मोठा मान नाही!

आधी पोटाचं सांगते. कारखान्यात मला विणलं तेव्हा माझ्या पोटात लांब पट्ट्याच्या घड्या घातल्या आणि वरून टाके मारले. माणूस पडला की ते टाके भराभर उसवतात, झटका गिळतात आणि माणसाची हाडं शाबूत राहतात. पोट अडकवलेलं असतं माणसाच्या अंगावरच्या पट्ट्यांना, पाठीमागच्या कडीत, आणि तिथून निघतात माझे दोन हात, प्रत्येकाच्या टोकाला एक हुक. एक हात सोडायचा तो दुसरा अडकवल्यावरच. माकडाच्या पिल्लाला हे उपजत कळतं, माणसाला शिकवावं लागतं.

मी लॉरेटाच्या वाट्याला आले. ही न्यूफाउंडलंडच्या खाडीकाठची पोर, सव्वीस वर्षांची, कॅनडातल्या हॅमिल्टनला उंच इमारतींच्या पोलादी तुळया जोडते. तिचा आजा हेच करायचा, बाप लिअँडर हेच करायचा आणि मामा ॲम्ब्रोस अजून करतोय. तुळईच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मामा, अशी त्यांची जोडी.

लिअँडर बारा वर्षांपूर्वी कामावर पडून गेला. त्याच्या पाठीवर दोरी होती, पण हुक कुठेच अडकवलेला नव्हता. "दोनच पावलं तर जायचंय," म्हणाला होता. मामा हे कधीमधी सांगतो, आणि सांगताना हातातला चहा खाली ठेवतो.

पहिल्याच दिवशी लॉरेटाने माझा एक हात खांबाला अडकवला आणि रिकामा हात स्वतःच्या कमरेच्या कडीत खोचला. मामाने वरून पाहिलं.

"अगं बये, कमरेवर हात ठेवून कोणाशी भांडायला निघालीस?"

"लोंबतोय रे मामा, पायात येतो."

"मग छातीवरच्या कापडी फासात ठेव. तो ओढ बसली की सुटतो. कमरेची कडी सुटत नाही. पडलीस तर दोरीचं पोट नीट उसवणारच नाही, सगळा झटका तुला बसेल. कळलं?"

"कळलं! ओरडतोस कशाला? सगळ्या शहराला कळलं."

"शहराला कळून काय उपयोग? शहर वर चढत नाही."

त्या दिवसापासून माझा रिकामा हात छातीवरच राहिला. रोज सकाळी लॉरेटा माझ्या अंगावरून बोटं फिरवायची. कुठे चिरलंय का, भाजलंय का, हुकाची जीभ आपोआप मिटते का, सगळं बघायची. मला गुदगुल्या व्हायच्या. दोन वर्षं मी रोज वाट बघितली आणि रोज मनाशी म्हटलं, तो दिवस न येवो. माझं हे असंच असतं, काय करणार!

आणि काल उजाडला शेवटच्या तुळईचा दिवस! सांगाडा पुरा होत आला की आमच्याकडे शेवटची तुळई पांढरी रंगवतात. सगळे तिच्यावर नावं लिहितात, एक लहानसं फरचं झाड बांधतात आणि मग ती वर चढते. लॉरेटाने काकवीचे बन आणले होते, अर्धे तर मामानेच फस्त केले. सगळ्यांनी आपापली नावं लिहिली. लॉरेटाने बापाचं लिहिलं, आपल्या टोकाला, ठळक काळ्या अक्षरांत. झाडही तिनेच त्या नावाशेजारी तारेने बांधलं.

क्रेनने तुळई अकराव्या मजल्याच्या माथ्यावर नेली. दोघांनी आपापल्या टोकाचे बोल्ट बसवले. आता लॉरेटाला तीन पावलं पुढे जाऊन क्रेनचा फास सोडायचा होता. माझा एक हात खांबाला होता. दुसरा अडकवायला कमरेला लटकणारा कडीचा सुटा पट्टा तुळईभोवती घालायला हवा, आणि तिचा हात पोचेल तेवढ्या जागेत बापाचं नाव! तिने पट्टा काढला, नावाकडे पाहिलं, पट्टा परत कमरेला लावला. आणि माझा हुक चक्क झाडाच्या तारेत अडकवला.

माझा जीव थाऱ्यावर राहिना! काडीएवढी बारीक तार! झाड धरायला ठीक, लॉरेटाला कशी धरणार? मी ओरडू शकत नाही हो, पण मामा ओरडला.

"लॉरेटा! कशात अडकवलंस?"

"झाडाच्या तारेत. एवढ्यापुरतंच, मामा. पट्टा घातला तर बाबांचं नाव खरवडेल."

मामाने हातातला पाना कमरेला खोचला.

"किती पावलं आहेत गं?"

"तीन."

"लिअँडरला दोनच होती."

तिने तारेतून हुक काढला, पट्टा नावावरूनच गच्च आवळला आणि त्याच्या कडीत मला अडकवलं. टक्क! हिसका देऊन पाहिलं. मग खांबाचा हात सोडून छातीवर ठेवला. तीन पावलं गेली, मी जेमतेम पुरले. फास सुटला, खाली टाळ्या वाजल्या. ती परत नावापाशी आली आणि हात हलवायला वळली. पांढऱ्या रंगावर सकाळचं दहिवर गोठलं होतं. बूट सरकला.

आणि ती पडली! मी ताणले, माझे टाके उसवू लागले, टर्र टर्र टर्र, आणि मी धरलं! धरलं हो मी तिला!

"मामा!"

"आहेस?"

"आहे!"

"मग पाय हलवत राहा! नुसती लोंबू नकोस, पायातलं रक्त अडतं! क्रेनचा पाळणा येतोय!"

सहा मिनिटांत पाळण्याने तिला उतरवून घेतलं. खाली आल्यावर मामाने तिच्या हेल्मेटवर एक चापट मारली आणि मग सगळ्यांदेखत रडला.

दुपारी कोणीतरी वरून सांगत आलं, की पट्ट्याने लिअँडरच्या नावातली मधली अक्षरं खरवडली आहेत, रंग लावायचा का?

"राहू दे," लॉरेटा म्हणाली. "या वेळी बाबांनी हुक अडकवला होता."

मामा आला बघा कात्री घेऊन. मला कापायलाच हवं. एकदा उसवलेलं पोट पुन्हा शिवून चालत नाही, आणि मी अशीच खुंटीवर राहिले तर घाईत कोणीतरी मला पाठीला लावून वर जाईल. तुमच्याकडेही कुणाला धरलेली एखादी दोरी पडून असेल, तर तिच्यावर माया करू नका, कापून टाका. आणि पावलं मोजू नका हो. आधी हुक बघा.

"दे इकडे, मी कापते," लॉरेटा म्हणतेय. तिच्या पाठीवर नवी दोरी आहे, आणि त्या दोरीचा रिकामा हात कमरेवर नाही, छातीवर आहे. मी पाहिलं. आता काप, पोरी.