अमोलच्या विमानाची झाडं

अमोलने यंदाही दिवाळीला येणार नाही म्हणून कळवलं, तेव्हा साधनाबाईंचं डोकंच फिरलं. मुलगा तीन वर्षांपासून ॲमस्टरडॅमला नोकरीला. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर पंचवटीच्या बाजारात विकून त्यांनी त्याला शिकवलेलं.

"आई, एका विमानप्रवासाने किती कार्बन हवेत जातो माहितीये? मी ठरवलंय, दोन वर्षांतून एकदाच यायचं."

"आणि मागच्या महिन्यात सिंगापूरला गेलास, ते काय बैलगाडीने?"

"ते ऑफिसचं. त्याची भरपाई कंपनी करते, झाडं लावून. आपल्याच जिल्ह्यात, पेठकडे." त्याने नकाशाही पाठवला.

रविवारी साधनाबाई एसटीने पेठला गेल्या, तिथून जीपने नकाशातल्या पाड्यावर. डोंगरउतारावर खड्ड्यांच्या रांगा होत्या आणि बहुतेकांत वाळक्या काड्या. एका कडेला मात्र आंब्याची रोपं हिरवी होती. मैना नावाची बाई ओढ्यावरून हंडा आणून त्यांना पाणी घालत होती.

"बाकीची का मेली गं?"

"लावली, फोटू काढलं, गेली माणसं. परत कुणी आलं नाय. मला जमतात तेवढी जगवते. उद्या पोरांना आंबं तरी मिळतील."

साधनाबाईंनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिसऱ्या खेपेला रेंज मिळाली.

"ही बघ तुझी भरपाई! आईला भेटायला आलं की धूर होतो, आणि साहेबाला भेटायला गेलं की झाडं उगवतात होय रे?"

अमोलने तिथल्या तिथे कंपनीचा रिपोर्ट उघडला. "आई, रिपोर्टमध्ये तर हजार झाडं जगली म्हणून लिहिलंय."

"मग ये आणि मोज!"

त्याने ऑफिसला आईने काढलेल्या फोटोंसकट पत्र लिहिलं. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे,' एवढंच उत्तर आलं. दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा तेच. वैतागून त्याने पुढच्या दोन्ही परदेशी बैठकांना जायला नकार दिला. घरूनच स्क्रीनवर बसेन म्हणाला. साहेब कुरकुरले, पण काम काही अडलं नाही.

त्या वाचलेल्या विमानफेऱ्यांच्या बदल्यात फेब्रुवारीत तो नाशिकला आला, चांगला महिनाभर, लॅपटॉप घेऊन. पहिल्याच रविवारी आईने त्याला पेठला नेलं आणि हातात हंडा दिला. चार खेपांत त्याला धाप लागली. अर्धं पाणी शर्टावरच सांडलं. मैना तोंडाला पदर लावून हसली.

साधनाबाई हसल्या नाहीत. "दिवाळी बुडाली ती बुडालीच," त्या म्हणाल्या. "चल, वरची रांग राहिलीय."