बासष्ट इंचांची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. सैन्यात भरती व्हायला आलेल्या माणसांची उंची माझ्यावर मोजत असत. सहा वर्षांत मी हजारो माणसे मोजली आणि एकाही माणसाचा आकडा चुकीचा दाखवला नाही. तरीही माझ्यामुळे एक घर फसले. ते कसे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म १९४० साली साताऱ्यात झाला. भाऊसो सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले. इंचांच्या रेघा कोरायला त्याने तीन दिवस घेतले. प्रत्येक रेघ तो पुन्हा पुन्हा ताडून पाही. शेवटी त्याने वरखाली सरकणारी पितळेची एक आडवी पट्टी माझ्या अंगावर बसवली. माणूस मला पाठ लावून उभा राहिला की ती पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवायची आणि आकडा वाचायचा. चौसष्ट इंचांवर, म्हणजे पाच फूट चार इंचांवर, एक तांबडी रेघ होती. डोके त्या रेघेखाली राहिले की माणूस घरी जाई. ती रेघ भाऊसोची नव्हती. ती भरतीच्या साहेबाने ओढायला लावली होती. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मला वाटे, रेघसुद्धा माझीच आहे.

मला खांद्यावर घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे हवालदार मानसिंग. तो पहिल्या महायुद्धात लढून आलेला, पुढे पेन्शनीत निघालेला आणि कृष्णाकाठी स्वतःचा ऊस असलेला होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने त्याला भरतीच्या कामावर परत बोलावले. आठवड्याच्या बाजारात, जत्रेत, चावडीपुढे तो मला उभी करी. काही पोरे हळूच टाचा उचलत. मानसिंग न रागावता म्हणे, "टाचा खाली टेक, गड्या. सरकार टाचांना पगार देत न्हाई." सगळे हसत, आणि तो पोरगाही हसत खाली येई.

१९४२ साली लढाईला माणसे कमी पडू लागली. वरून हुकूम आला. मानसिंगने चाकूने माझी तांबडी रेघ खरवडली आणि बासष्ट इंचांवर नवी ओढली. मला आनंदच झाला. कालपर्यंत परत जाणारी माणसे आता घेतली जाणार होती.

त्याच वर्षी आम्ही पूर्वेकडच्या कोरड्या माळावर गेलो. तिथल्या मेंढपाळ वस्त्यांवर यापूर्वी भरतीवाले कधी फिरकले नव्हते. एका वस्तीवर रंगुबाई नावाची विधवा बाई राहत होती. तिला अर्जुना हा एकच मुलगा, वीस वर्षांचा. घरचा कळप नव्वद मेंढ्यांचा. अर्जुना माझ्यापुढे उभा राहिला आणि पट्टी बरोबर बासष्टावर टेकली. तो खूश झाला. रंगुबाईला मात्र घोर पडला. मुलगा गेला तर कळप घेऊन रानोमाळ हिंडणार कोण? मेंढ्या विकाव्या लागणार होत्या. तिने एकच विचारले: लढाई संपल्यावर माझ्या पोराचे काय?

साहेबाने सभेत जे सांगितले होते, तेच मानसिंगने तिला सांगितले. नीट नोकरी करणाऱ्याला सरकार कायम ठेवणार होते. रंगुबाईने ते ऐकले, आत गेली आणि बिरोबाच्या भंडाऱ्याचे ताट घेऊन आली. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती उचलून दिलेला शब्द त्या माळावर कोणी मोडत नाही. मोडणाऱ्याला कोणी दारात उभे करत नाही. मानसिंगने चिमूट उचलून कपाळाला लावली.

"पोरगं कायम ऱ्हाईल, बाई. माजा शब्द हाय," तो म्हणाला.

रंगुबाईने भंडारा आधी मुलाच्या कपाळाला लावला आणि मग माझ्यावरच्या बासष्टाच्या रेघेला. मला इतका मान पूर्वी कोणी दिला नव्हता. आठ दिवसांत मेंढ्या विकल्या गेल्या आणि अर्जुना पलटणीत गेला.

तीन वर्षे तो ब्रह्मदेशाच्या रानात लढला. १९४५ साली लढाई संपली. पुढच्या वर्षी पत्र आले, की सरकारचा खर्च कमी करायचा आहे, म्हणून सैन्यातली माणसे कमी करा. परतलेल्या शिपायांना एका तात्पुरत्या छावणीत जमवले. ते तीनशे बारा होते. त्यांतले नव्वद ठेवायचे होते.

पहिल्या दिवशी मानसिंगने सगळ्यांना माझ्यावर मोजले आणि कारकुनाने आकडे लिहिले. अर्जुनाचा आकडा आला सव्वा त्रेसष्ट. पलटणीच्या पोटभर जेवणाने तो सव्वा इंच वाढला होता.

"आवं हवालदार, वाढलो की मी," तो म्हणाला. "आईला सांगाया पायजे."

दुसऱ्या दिवशी साहेब आणि कारकून यादी घेऊन बसले. सगळ्यांत उंच माणसापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली. नव्वदावा माणूस चौसष्ट इंचांचा निघाला. साहेबाने तिथेच बोट ठेवले आणि मानसिंगला माझ्यावर चौसष्टाला रेघ ओढायला सांगितले. मित्रांनो, मी सगळे ऐकत होते. आधी संख्या ठरली होती, मग रेघ. दोनशे बावीस शिपायांना मात्र सांगण्यात आले की तुमची उंची कमी पडली.

मानसिंग साहेबाकडे गेला. आपण गावोगाव शब्द दिला आहे, असे त्याने सांगितले. साहेबाने शांतपणे विचारले, की तो कुठे लिहिला आहे? भंडारा कागदावर नसतो. मानसिंग सलाम करून बाहेर आला आणि घरी पाठवायच्या माणसांची नावे वाचू लागला. अर्जुनाचे नावही त्यांत होते.

अर्जुना माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने त्या नव्या रेघेवर बोट टेकवले.

"मानूस वाढला आन् बुटका ठरला," तो म्हणाला. "ही कसली काठी, हवालदार?"

मी खरे तेच दाखवले होते, पण माझ्या खरेपणाच्या आड उभे राहून कोणीतरी खोटे बोलले होते. त्या दिवसापासून मला कोणी खरी काठी म्हटले की लाज वाटते.

पुढची दोन वर्षे मी कचेरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. तेवढ्या काळात मानसिंग त्या माळाकडे एकदाही गेला नाही. मग १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना सैन्याला पुन्हा माणसे हवी झाली. माझी रेघ पुन्हा बासष्टावर आली. लढाई शिकलेले जुने शिपाई आधी आणा, असा हुकूम सुटला, आणि यादीत अर्जुनाचे नाव होते.

मानसिंग मला खांद्यावर टाकून वस्तीवर पोहोचला. अर्जुना दुसऱ्याच्या मेंढ्या राखत होता. रंगुबाईने दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला.

"पानी प्या," ती म्हणाली. "पर भंडाऱ्याचं ताट मी भाईर काडनार न्हाई."

मानसिंगने मान खाली घालून निरोप सांगितला. अर्जुनाने सगळे ऐकून घेतले.

"या खेपंला रेघ कुटं हाय?"

"बासष्टावर."

"आन् फुडच्या खेपंला?"

मानसिंगने तांब्या खाली ठेवला. पुढच्या खेपेचे त्याला माहीत नव्हते, आणि माहीत नसलेले तो आता बोलणार नव्हता. त्याने मला बाभळीला टेकवले आणि तो चालू लागला. काठी राहिली म्हणून अर्जुनाने मागून हाक मारली.

"ऱ्हाऊ दे," मानसिंग मागे न वळता म्हणाला. "तुज्या कामाला यील."

तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या पितळी पट्टीत फांदी अडकवून अर्जुना बाभळीच्या शेंगा पाडतो. मेंढ्या खाली गोळा होतात. काम चांगले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारी काठी कधीतरी तुमच्याही हातात येईल. तेव्हा माणूस समोर उभा करण्याआधी रेघ ओढा, आणि ओढलेली रेघ त्याला मोजून झाल्यावर हलवू नका. परत पाठवायचेच असेल, तर खरे कारण सांगा. त्याच्या उंचीला दोष देऊ नका.

माझ्यावरची रेघ चाकूने खरवडता येते, पुन्हा ओढताही येते. रंगुबाईच्या नव्वद मेंढ्या मात्र गेल्या त्या गेल्याच. अर्जुना अजून दुसऱ्याचाच कळप राखतो.