पहिला घाव माझा

मी एक जुनी विळी आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच हळहळतात, म्हणून आधीच सांगते, माझी कीव करू नका. माझं पातं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून घडवलेलं आहे आणि पाट बाभळीचा आहे. निजामाचं राज्य गेलं त्या साली वालूरच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून आकार दिला. ज्या लोखंडाने वाटेतले दगडधोंडे तुडवले, ते भाजीला काय भिणार?

मित्रांनो, वालूरजवळच्या एका खेड्यात, कडूबाईच्या चुलीपाशी माझी उमेदीची वर्षं गेली. तिचा नवरा तापाने गेला होता. पदरात दोन मुली, मुलगा नाही. तिच्या हाताखाली मी वांगी, अंबाडी, कैऱ्या, सगळं चिरलं. "कडूबाईची इळी लय चलाख हाय," असं शेजारणी म्हणायच्या आणि मागून न्यायच्या. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

फक्त एका फळापुढे मला गप्प बसवत. ते फळ म्हणजे डांगर. तुम्ही त्याला लाल भोपळा म्हणता. आमच्याकडे रीत अशी की आखं डांगर बाईने चिरायचं नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग पुढचं सगळं बाईने करायचं. डांगर म्हणजे घरचा थोरला लेक, आणि आई लेकावर हत्यार उचलते का, असं म्हणायचे. घरात पुरुष नसला तर शेजारचं एखादं पोर आणायचं. त्याला स्वतःचं नाक पुसता येत नसलं तरी चालायचं. त्याचे हात डांगराला लावून ते माझ्या पात्यावर टेकवायचं, की झाला पुरुषाचा घाव. घर चालवणारी बाई चालत नाही आणि शेंबडं पोर चालतं, हे मला कधीच पटलं नाही. मी लोखंडाची. मला मनगटातला जोर कळतो, मिशी कळत नाही.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कडूबाईचा धाकटा दीर आश्रुबा तिच्यामागे लागला होता. तिने आपली चूल मोडावी, मुलींना घेऊन त्याच्या घरी राहायला यावं आणि घरामागचं परसू त्याच्या गोठ्याला द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. "ज्या घरात डांगर चिरायला मानूस न्हाई, त्याला घर म्हनावं का, वैनी?" असं तो चारचौघांत विचारायचा. कडूबाईला पुढचं दिसत होतं. त्याच्या घरी गेली की ती शेणाच्या पाटीखाली जाणार आणि थोरल्या छबूला तो पहिलं येईल त्या स्थळाला देऊन टाकणार. तिला रात्रंदिवस त्याचीच भीती होती.

शेवटी मामला गावातल्या जाणत्या माणसांपुढे गेला. त्यांच्यात वैजीनाथमामा सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "सोमवारी आमी कडूबाईकडं जेवायला येतो. तिची चूल चालती का न्हाई ते बघू, मग ठरवू."

वैशाखाचे दिवस, परसात हिरवं पान नव्हतं. शिंक्यात एकच डांगर उरलं होतं, लांब मानेचं आणि फुगीर पोटाचं. सोमवारी सकाळी छबू काकाला बोलवायला गेली आणि एकटीच परत आली.

"काका म्हनले, डोकं दुखायलंय. अन् शेजारची दगडामावशी बी पोराला पाठवंना. काकानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

कडूबाई उंबऱ्यातून आत आली. मग तिने मला ओढलं, पाटावर पाय रोवला आणि म्हणाली, "दे ते डांगर हिकडं."

"माय, नको. कायतरी वंगाळ व्हईल."

"व्हायचं ते वंगाळ तुजा बाप गेला तवाच झालं. आन म्हनते ना."

तिने दोन्ही हातांनी डांगर माझ्यावर दाबलं. माझं पातं मागे हटलं नाही. मी त्या पिवळ्या सालीत अशी घुसले की डांगर कर्रकन बोललं. ना आभाळ कोसळलं, ना चूल विझली. आतून केशरी गर निघाला आणि घरभर गोडसर वास पसरला.

आता हे डांगर सोपं कसं करायचं ते ऐका, कारण त्याच्या टणक सालीला पुष्कळ जण उगाच घाबरतात. आधी देठ उडवायचा. मग मान आणि पोट वेगळं करायचं, म्हणजे दोन्ही तुकडे सपाट बसतात आणि हातातून निसटत नाहीत. पोट मधोमध चिरून बिया बोटांनी ओढून काढायच्या. बिया फेकणारा माणूस करंटा. त्या धुऊन उन्हात वाळवल्या आणि तव्यावर भाजल्या की पोरं शेंगदाणे विसरतात.

मानेला बिया नसतात, नुसता गर. तिच्या फोडी कडूबाईने सालासकट करडईच्या तेलात टाकल्या. मोहरी, मेथीचे दाणे, तिखट, मीठ, एवढंच. वर ताटली झाकून तिच्यात पाणी ओतलं आणि वाफेवर शिजू दिल्या. उतरवताना गुळाचा खडा आणि दाण्याचं कूट. पोटाची एक फाक तिने चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरात पुरली. साल काळी पडेपर्यंत भाजून आतला गर खरवडला आणि दही, लसूण, मिरची घालून भरीत केलं. दुसरी फाक किसून गुळाबरोबर शिजवली. त्याला स्वतःचंच पाणी सुटतं, वेगळं घालावं लागत नाही. त्यात मावेल तेवढी कणीक मळली आणि घारगे तळले. एका डांगरात तीन पदार्थ, आणि पुरुषाचा हात एकालाही नाही.

दुपारी पंगत बसली. डोकं दुखणारा आश्रुबा जेवायला मात्र वेळेवर आला. ताटात डांगर बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"वैनी, कुनी चिरलं हे?"

कडूबाई खोटं बोलू शकली असती. वाटेवरच्या कुणाचंही नाव सांगितलं असतं तरी खपलं असतं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मीच चिरलं. तुमी आला न्हाईत, कुनाला येऊ दिलं न्हाई. खायचं तर खावा, भावजी."

आश्रुबा ताडकन उठायला लागला. बाकीच्यांचे हात ताटातच थांबले. कडूबाईचं घर त्या क्षणी त्या ताटांवर अडलं होतं.

वैजीनाथमामांनी भाकरी मोडली. "बस खाली, आश्रुबा. भरल्या ताटावरून उठायलास? तिनं एक रीत मोडली ती पोट भराया. तू मोडायलास ती कशापायी?"

आश्रुबा बसला. मामांनी भरीत खाल्लं, भाजी खाल्ली, घारगा आणखी मागून घेतला. हात धुताना म्हणाले, "जिच्या चुलीवर आमी पोटभर जेवलो, ती चूल मोडा म्हनून कोन्या तोंडानं सांगावं? परसू कडूबाईचं. ह्यात पुन्यांदा बोलनं नको."

कडूबाई चुलीमागे जाऊन रडली. मला छातीशी धरता येत नाही, म्हणून तिने माझा पाट पुसला.

सगळं गाव लगेच सुधारलं असं समजू नका. पुढे कोणाची शेळी मेली तरी माझं नाव निघायचं. मी त्या शेळीला शिवलेही नव्हते. पण हळूहळू एकेक बाई परसातल्या दाराने डांगर घेऊन येऊ लागली, आधी पोराला न पाठवणारी दगडाबाईच. येताना इकडेतिकडे बघत यायच्या आणि जाताना हसत जायच्या.

कडूबाईमागे मी छबूकडे आले, आता कोपऱ्यात उभी असते. छबूच्या घरी चाकू आले, माझं पातं झिजून अर्धं झालं. कोणी मला ओलीच टाकून देतं, मग गंज चढतो. मित्रांनो, मला पुसून ठेवा, वर्षातून एकदा धार लावा, एवढा माझा हक्क आहे आणि तो मी मागून घेणार. आणि आखं डांगर घरात आलं, तर आईला कोणाची वाट बघायला लावू नका. मला तिच्यापुढे ठेवा आणि तुम्ही ताटं मांडा.