क्रेग लियाचा पूल

टॉर्मॉडला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं, त्या दिवशी मी एकटी क्रेग लियावर गेले. त्याच्या आठवणीने रडायला नव्हे. त्याच्याशी भांडायला.

चाळीस वर्षं माझा नवरा हा डोंगर चढत होता. गेल्या वर्षी "संध्याकाळी येतो" म्हणून गेला तो गेलाच. नेहमी तो पश्चिमेला उतरून ओढ्यावरच्या पुलाने घरी यायचा. पण पूल त्याच रात्री पुरात गेला म्हणून कळलं, आणि शोधपथकाने तीन दिवस ओढा आणि खालचं तळं धुंडाळलं. चौथ्या दिवशी तो सापडला डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला, पूर्वेच्या कड्याखाली. म्हणजे पुलाकडे तो आलाच नव्हता. वाट चुकला, सगळे म्हणाले. दुकानात म्हणाले, चर्चमध्ये म्हणाले. वर्षभर माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं: चाळीस वर्षांत तुला पूर्व-पश्चिम कळली नाही?

सकाळी शेजारच्या फर्करने मला त्याच्या जीपने रस्त्याच्या टोकाला सोडलं. फर्कर इस्टेटीवरचा राखणदार. डोंगर, हरणं, त्याचं राहतं घरसुद्धा मालकाचं, आणि मालक लंडनला. वर्षभर दर शुक्रवारी फर्कर माझ्या दारात मासे ठेवून जायचा.

"इशबेल, बर्फ मऊ आहे. परत फिर."

"मऊ तर मऊ. तुला कुठे चालायचंय?"

"बरं, माथ्यापर्यंत जा. पण पश्चिमेला उतरू नकोस. तिथे काही नाही आता."

"मी साठीची बाई आहे, फर्कर. कुठे उतरायचं ते मी बघेन. चारला ये न्यायला."

उत्तरेची वाट लांब आहे आणि निम्मी दलदलीतून जाते. वरून सगळं पांढरं, सपाट, शहाण्यासारखं दिसतं. पाय टाकला की खाली काळं पाणी. तासाभरात माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढला तर बूट आतच राहायला लागला. मी बर्फात पालथी पडून, दोन्ही हातांनी गवताचे झुपके धरून, टॉर्मॉडला तोंडाला येतील त्या शिव्या घालत पाय बाहेर काढला. बूट आला. मोजा पिळला, परत घातला, आणि पुढे चालू लागले. राग होता म्हणून थंडी वाजली नाही.

माथ्यावर वारा उभं राहू देईना. पूर्वेच्या कड्यावर बर्फाची झालर पुढे आलेली होती, त्यामुळे तो पडला ती जागा वाकून बघायची सोय नव्हती. मग मी पश्चिमेला उतरले. फर्कर नको म्हणाला होता, बहुतेक म्हणूनच.

ओढा दुथडी भरून चालला होता. अलीकडच्या काठावरचा पुलाचा दगडी खांब जागेवर होता. त्याच्यातून पोलादी दोरांची दोन टोकं लोंबत होती. मी ती हातात घेतली. पुराने तुटलेला दोर विस्कटतो, त्याचे तंतू पिंजारतात. हे दोन्ही दोर सपाट कापलेले होते, सुरीने लोणी कापावं तसे.

आणि खांबाच्या फटीत, खाली, हातमोजा होता. राखाडी, अंगठा तेवढा लाल, कारण राखाडी लोकर अंगठ्यापाशी संपली होती. विणणारी मीच. टॉर्मॉड सापडला तेव्हा दुसरा हातमोजा त्याच्या हातात होता. थंडीत माणूस भ्रमिष्ट होतो, अंगावरचं काढून टाकतो, असं मला तेव्हा समजावलं होतं.

तो भ्रमिष्ट झाला नव्हता. तो इथे आला होता, बरोबर वाटेने, बरोबर जागी. दोर चाचपायला हातमोजा काढला होता. पूल नाही, ओढ्यात शिरायची सोय नाही, खाली दोन्ही बाजूंना कडे. म्हणून तो सगळा डोंगर पुन्हा चढला, आणि अंधार पडायला लागला म्हणून पूर्वेच्या जवळच्या उताराला लागला.

मी तिथे बसले नाही. बसले असते तर उठले नसते. मीही तोच चढ पुन्हा चढले, पण मला अजून दिवसाचा उजेड होता, म्हणून उत्तरेच्या लांबच्या वाटेने उतरले. दलदलीत आणखी दोनदा पडले.

साडेपाचला रस्त्यावर आले. फर्कर जीपपाशी येरझाऱ्या घालत होता. मी हातमोजा बॉनेटवर ठेवला.

"हा... कुठे मिळाला?"

"पुलाशी. जिथे काही नाही, तिथे. पूल कधी कापलास?"

"इशबेल, आधी आत बस, भिजलीयस तू—"

"कधी?"

"गेल्या वर्षीच्या जानेवारीत." तो जीपच्या पायरीवर बसला. "वरून हुकूम आला. माणसं आली की हरणं बुजतात म्हणे. पाटी लावायची होती. हिवाळ्यात तिकडे कोण जातं, म्हणून राहून गेली."

"आणि शोधपथकाला काय सांगितलंस?"

तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरायला लागला.

"तोंड उघड, फर्कर!"

"पुरात गेला, म्हणालो. घर जाईल अशी भीती वाटली. मला खरंच वाटलं, तो ओढ्यातच असेल. मग पूल कधी गेला यानं काय फरक पडणार..."

"पूल आधीच नव्हता म्हणाला असतास तर तो मागे फिरला असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डॉक्टर काय म्हणाला होता? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होता तो. दुपारपर्यंत! आणि तू तळ्यात काठी घालून फिरत होतास."

"सगळ्यांत जास्त मीच फिरलो गं."

"आणि ते मासे? ते कशाबद्दल होते रे?"

तो रडायला लागला. मला दया आली नाही. चावी मागून घेतली, त्याला शेजारी बसवलं आणि ओल्या कपड्यांनिशी जीप थेट पोलीस चौकीवर नेली. तिथे त्याने सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

मालकाचे वकील अजून जाड कागदावर पत्रं पाठवतात. खटला चालू आहे. फर्करचं घर गेलं. तो बायकोला घेऊन मेहुण्याकडे राहतो. दुकानातली शीना मला म्हणाली, "आता पुरे कर, इशबेल. त्या गरिबाचं वाटोळं करून टॉर्मॉड परत येणार आहे का?" मी म्हटलं, "नाही. म्हणून तर पुरे करणार नाही." तिच्याकडून पाव घेणंही बंद केलं मी.

वर्षभर मनात टॉर्मॉडला मूर्ख म्हटलं होतं. त्याची माफी त्याच्या थडग्यापाशी मोठ्याने मागितली, शेजारच्या कबरीवर फुलं ठेवणाऱ्यांनी वळून पाहिलं तरी.

ऑगस्टमध्ये आम्ही गावकऱ्यांनीच नवा पूल बांधला. मालकाची परवानगी मागितली नाही. निम्म्या फळ्या मी ठोकल्या. दुपारी फर्कर हातोडी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "तू नाहीस." तो गेला नाही. ओढ्याच्या काठावर, थोडा दूर, पावसात, संध्याकाळपर्यंत उभा राहिला. कोणी त्याला चहा विचारला नाही. मीही नाही.