जोंगखाला टाळ्या

निलेश भूतानमधल्या एका वीजप्रकल्पावर तीन वर्षं इंजिनिअर होता, आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात परतल्यापासून त्या तीन वर्षांचं त्यानं जे काही भांडवल केलं होतं ते विचारू नका. यंदा मराठी भाषा दिनाला शनवारा भागातल्या मराठी मंडळानं त्यालाच भाषणाला उभं केलं. विषय होता भूतानची राजभाषा जोंगखा, आणि आपण तिच्यापासून काय शिकावं. त्याची बायको अमृता पहिल्या रांगेत सासूशेजारी बसली होती, मांडीवर पाच वर्षांची भूमिका. नवऱ्याचं भाषण सुरू झालं आणि थोड्याच वेळात तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

"केवढासा तो देश," निलेश सांगत होता. "पण दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या फळ्यापर्यंत जोंगखा! जोंग म्हणजे किल्ला. किल्ल्यातली भाषा. तिबेटीला ती जवळची, लिपीही तिकडचीच. पण तिला तिबेटीची बोली म्हणून तर बघा! आणि आपण? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. घरातली भाषा घरातच मेली, तर दोष कुणाला द्यायचा?"

टाळ्या पडल्या. सासूबाईंनी, म्हणजे कुसुमबाईंनीही पदर सावरून टाळ्या वाजवल्या.

घरातली भाषा म्हणे! अमृता मूळची मडगावची. गेल्या दिवाळीपर्यंत ती लेकीशी कोंकणीतच बोलायची आणि लेकही तिला कोंकणीतच उत्तर द्यायची. मग शाळेत भूमिकानं पाण्याला 'उदक' म्हटलं, पोरं खो खो हसली आणि बाईंनी निलेशला बोलावून सांगितलं की मुलगी गोंधळते. त्या संध्याकाळी याच निलेशनं फर्मान काढलं. बाहेर हिंदी आहेच, घरात फक्त मराठी, कोंकणी बंद.

"उदक म्हणते! भटजी आहे का वं ही पोरगी?" कुसुमबाई हसल्या होत्या. "लहान आहे ना, कन्फ्यूज होऊन जाते. मोठी झाली की शिकून घेईल."

लेकीला वर्गात हसलेलं अमृतालाही सोसलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. तिथंच चुकलं. पोरांच्या तोंडातली भाषा जायला कितीसा वेळ लागतो? आता मडगावहून आजीचा फोन आला, तिनं "कितें करता गो बाय?" असं विचारलं, की भूमिका आईचं तोंड बघायची आणि म्हणायची, "आजी क्या बोल रही?" फर्मान मराठीचं, पण लेकीच्या तोंडी बसली होती ती शाळेतली हिंदी. आजीला हिंदी मालिकांपुरती कळायची; बोलता ना हिंदी यायची, ना मराठी. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या आणि फोन अमृताच्या हातात यायचा. आजी-नातीचं बोलणं खुंटलं होतं. ते पुन्हा सुरू व्हावं, याहून जास्त अमृताला काही नको होतं.

भाषण संपलं. मंडळाचे अध्यक्ष नंदकुमारकाका आभार मानायला उठले, आणि गप्प आभार मानून बसतील तर ते नंदकुमारकाका कसले.

"आमची ही सूनबाई गोव्याची," ते कौतुकानं म्हणाले. "पण तिचं बरं आहे. कोंकणी तर बिल्कुल आपल्या मराठीचीच बोली. तिची वेगळी चिंता कशाला करायची?"

अमृता उभी राहिली. भूमिकाला तिनं सासूच्या मांडीवर दिलं होतं ते तिच्याही नंतर लक्षात आलं.

"काका, जोंगखाची लिपी तिबेटीची, तरी ती स्वतंत्र भाषा. त्यासाठी तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्या. कोंकणीची लिपी देवनागरी, म्हणून ती तुमची बोली? कोंकणी बोलणारे जोंगखावाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. फक्त तिच्या पाठीशी राजा नाही." ती निलेशकडे वळली. "आणि यांनी सांगितलं नाही, मी सांगते. भूतानमध्ये यांची जी घरमालकीण होती, तिच्या घरात जोंगखा नव्हती. पूर्वेकडची त्यांची निराळी भाषा. मुलं शाळेत जोंगखा शिकायची, घरात आईची भाषा बोलायची, आणि कुणी गोंधळत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा हे मला किती कौतुकानं सांगायचे! आणि स्वतःच्या घरात माझ्या तोंडाला कुलूप लावून इथं येऊन घरातली भाषा वाचवतायत!"

कुणी खोकलं. निलेशनं माइकची वायर गुंडाळायला घेतली, जणू ते त्याचंच काम होतं. कुसुमबाई हळूच म्हणाल्या, "घरी बोलली असतीस ना, बाई."

"घरी कुठल्या भाषेत बोलू, आई?" अमृता म्हणाली.

घरी आल्यावर निलेश फुरंगटून बसला. "चार लोकांत माझी इज्जत काढलीस. एवढ्याशा गोष्टीवरून?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात आजीचा व्हिडिओ कॉल आला आणि भूमिकानं तो उचलला.

"बेटा," आजी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तू कैसा है? आज क्या खाया तू?"

भूमिका उडालीच. "आजी! आपको हिंदी आती है?"

"सीखता है. बाजूवाली लडकी के पास. तेरे वास्ते सीखता है मैं."

आणि मग पोर जी सुटली! शाळा, पुरी, मंडळातला समोसा, सगळं एका दमात. आजी चुकत होती, हसत होती, पुन्हा विचारत होती. 'आई, हिंदी उलोवं नाका,' नको बोलूस हिंदी, हे शब्द अमृताच्या ओठांवर आले होते. पण आजी आणि नात इतक्या दिवसांनी बोलत होत्या, ते तोडायला तिची जीभ रेटेना.

फोन संपला. निलेशचा चेहरा खुलला होता. "वा, आई छान बोलतात की हिंदी! मिटला प्रश्न."



"सत्तराव्या वर्षी माझ्या आईनं नातीपायी आपली भाषा बाजूला ठेवली," अमृता म्हणाली. "तुम्हाला पाच वर्षांच्या मुलीला दोन भाषा झेपणार नाहीत असं वाटलं. हेच भूतानमधल्या कुठल्या म्हातारीनं केलं असतं, तर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं असतं."

अमृता लेकीजवळ खाली बसली.

"आजीक कितें सांगलें गो तुवें?"

भूमिकाला कळलं. कळलं हे तिच्या डोळ्यांत दिसलं; भाषा गेली नव्हती. पण उत्तर देण्याआधी तिनं भीतभीत बापाकडे पाहिलं. अमृतानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, कोंकणीतच, जरा मोठ्यानं.